परवाना लागत नाही, तरी काढ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा गणपतीच्या जेवणानंतर भांडी आवरताना तू विचारलंस, "मावशी, टेक्सासात आता पिस्तूल बाळगायला लायसन लागतच नाही. मग चाळीस डॉलर आणि अख्खा शनिवार कशाला घालवायचा?" माझे हात साबणाने भरलेले, बायकांची ये-जा चाललेली. मी काहीतरी तुटक बोलले आणि विषय तिथेच राहिला. तो डोक्यातून जाईना, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

कायदा तू बरोबर वाचला आहेस. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या, पिस्तूल बाळगायला कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याची गरज नाही. अशी राज्यं आता 29 झाली आहेत. तरीही माझं सांगणं एकच, काढ. आणि ओळखीत ज्यांना काढता येईल त्यांच्याही मागे लाग.

त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण आपल्या लोकांत चूक होते ती इथेच. तुझ्या आईवडिलांबरोबर तुला ग्रीन कार्ड मिळालं, म्हणून हे पत्र तुला लिहिता येतंय. तुझा तो मित्र अजून एच-वन-बीवर आहे. फेडरल कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, गोळीसुद्धा जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या लायसनसारखे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नये. तेव्हा गंमत म्हणून त्याला नेमबाजीच्या रेंजवर नेऊन "एक मारून बघ" म्हणू नकोस. त्याची इतक्या वर्षांची मेहनत एका दुपारीत धोक्यात येईल. तुलाही सांभाळायचं आहेच. ग्रीन कार्डवाल्याच्या हातून शस्त्राचा गुन्हा झाला तर देशाबाहेर काढण्यासाठी तेवढं कारण पुरतं. दुकानात पिस्तूल घेताना 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात गांजाबद्दलही प्रश्न असतो. कोलोरॅडोत तो दुकानात उघड मिळतो म्हणून फेडरल कायदा बदललेला नाही, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे. जे खरं असेल तेच लिही. खरं लिहिल्याने पिस्तूल मिळत नसेल, तर घेऊ नकोस.

आता मूळ मुद्दा.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. कणकवलीजवळच्या गावात, शेती संरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरं आणि माकडं हाकायला. दसऱ्याला पाटावर ठेवून तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान वाहायचे. परवान्याचं पुस्तक लाल फडक्यात गुंडाळून देवघराच्या वरच्या फळीवर असायचं. पण निवडणूक जाहीर झाली की निरोप यायचा, बंदूक ठाण्यात जमा करा. आजोबा उन्हातून चालत जायचे, पावती घेऊन रिकाम्या खांद्याने परत यायचे. आयुष्यात त्यांनी कोणावर हात उगारला नव्हता. तरी दर निवडणुकीला त्यांना चालत जाऊन दाखवावं लागे की ते संशयित नाहीत. 1878 चा शस्त्रकायदा इंग्रजांचा, 1959 चा आपला, पण दोन्हींत शस्त्र ही सरकारने द्यायची आणि सरकारने परत मागायची वस्तू. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असणार.

इथे आल्यावर कळलं की या देशाच्या राज्यघटनेत 1791 पासून सत्तावीस शब्दांची एक दुरुस्ती आहे, आणि तिच्यात शस्त्र बाळगणं हा लोकांचा हक्क मानला आहे. मी हरखून गेले. नंतर कळलं की नुसत्या कागदावरच्या हक्काने काम भागत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1911 पासून पिस्तुलाला परवाना लागतो, आणि अंगावर बाळगायचा परवाना हवा तर तुम्हाला इतरांपेक्षा वेगळा, खास धोका आहे हे अधिकाऱ्याला पटवावं लागे. साध्या दुकानदाराला, रात्रपाळीच्या नर्सला ते कुठून पटवता येणार? शंभरहून जास्त वर्षं तसंच चाललं. 23 जून 2022 ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती अट रद्द केली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी तो निकाल लिहिला. मात्र जिथे ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की परवाना द्यावाच लागतो, अशा राज्यांच्या पद्धतीला कोर्टाने धक्का लावला नाही. टेक्सासचं लायसन त्यात मोडतं. ते कोणाच्या मेहेरबानीवर नसतं. तू पात्र असलीस तर खात्याला नाही म्हणता येत नाही. आजोबांच्या लाल फडक्यातल्या पुस्तकात आणि तुझ्या कार्डात फरक आहे तो हाच.

हे कार्ड इथेही आपसूक आलेलं नाही. 16 ऑक्टोबर 1991 ला किलीन गावातल्या लूबीज नावाच्या कॅफेटेरियात एका माणसाने काच फोडून गाडी आत घातली आणि 23 जणांना मारलं. सुझॅना ग्राशिया ही तरुण कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्याचे-सांध्यांचे उपचार करणारी, तिथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण ते पर्समध्ये ठेवून फिरणं तेव्हा बेकायदा होतं आणि व्यवसायाचा परवाना जाईल अशी तिला भीती होती. तिचा हात सवयीने पर्सकडे गेला, पर्स रिकामी. आई आणि वडील दोघंही गेले. पुढे ती गावोगावी आणि विधिमंडळांपुढे हीच साक्ष देत राहिली. 1993 ला राज्यपाल अ‍ॅन रिचर्ड्स यांनी परवान्यावर जनमत घेण्याचं विधेयक नामंजूर केलं, 1995 ला त्यांच्यानंतरचे राज्यपाल जॉर्ज बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली, आणि 1996 ला पहिली लायसन्सं निघाली. त्याच वर्षी ती स्वतःही विधिमंडळावर निवडून आली. तू ज्याला चाळीस डॉलरचा खर्च म्हणतेस ना, त्याच्यामागे एवढं सगळं आहे.

विरोधक तेव्हा म्हणत होते, गाडीला गाडी घासली तरी आता गोळ्या झाडतील. तसं झालं की नाही, हे आज मी कशाच्या जोरावर सांगते? लायसन देणाऱ्या डीपीएसच्या, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या, तक्त्याच्या जोरावर. राज्यात शिक्षा झालेल्यांत परवानाधारक किती, हे ते खातं दरवर्षी जाहीर करतं. दहा लाखांहून जास्त लोकांकडे हे कार्ड आहे, आणि शिक्षा झालेल्यांत त्यांचा वाटा एक टक्क्याहून कमी. राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, साक्ष देताना किंवा शेजारणीशी बोलताना माझ्याकडे याच्याहून भक्कम पुरावा नाही. पण तो तक्ता आपल्यासारख्यांनी बोटांचे ठसे दिले, वर्गात बसून परीक्षा दिली, म्हणून तयार झाला. 2021 नंतर "लागत नाही" म्हणून चांगली माणसं त्या यादीत यायचीच थांबली तर काय राहील? जबाबदारीने बाळगणारा माणूस कुठेच दिसणार नाही. दिसेल तो फक्त गुन्हा करणारा, तोही पेपरात. उद्या सरकार बदललं, कायदा पुन्हा आवळायची वेळ आली, तर बाजूने मोजायला माणसं हवीत. माझी कळकळ त्यासाठी आहे.

काही जण म्हणतात, सरकारच्या यादीत नाव कशाला द्या. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पण 2007 पासून टेक्सासात परवानाधारकांची माहिती कायद्याने गोपनीय आहे, आणि तुझ्यामाझ्या बोटांचे ठसे इमिग्रेशनकडे कधीचे गेलेले आहेत.

शिवाय रोजच्या व्यवहारात हे कार्ड लागतं. तुझ्या सबडिव्हिजनच्या तोंडाशीच प्राथमिक शाळा आहे. फेडरल कायद्याने शाळेच्या हजार फुटांत भरलेलं पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे, आणि त्यातून सूट आहे ती त्याच राज्याने परवाना दिलेल्याला. म्हणजे लायसन नसलं तर कमरेला पिस्तूल लावून दूध आणायला निघालीस की कोपऱ्यावरच कायदा मोडलास! विद्यापीठाच्या आवारातही परवानाधारकालाच मुभा आहे. न्यू मेक्सिकोला पांढरी वाळू बघायला जाशील तेव्हा तिथे टेक्सासचं कार्ड चालतं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीत ते चालत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आत्याकडे जाताना पिस्तूल घरीच ठेव. 2013 ला फिलाडेल्फियाची एक तरुण आई आपल्या राज्याचा परवाना घेऊन पूल ओलांडून न्यू जर्सीत गेली. पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा तिने आपणहून पिस्तुलाचं सांगितलं, तरी तुरुंगाच्या दारात उभी राहिली. 2015 ला राज्यपालांनी माफी दिली तेव्हा सुटली. तिची चूक एकच, सीमेपलीकडचा कायदा तिने वाचला नव्हता.

दुकानांच्या दारावरच्या पाट्या वाचायची सवय लाव. पाट्यांची नावं टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलमांच्या आकड्यांवरून पडली आहेत. थर्टी-ओ-सिक्सची (30.06) पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, निदान इंचभर उंचीच्या अक्षरांत असते. ती दिसली की परवानाधारकानेही लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही. थर्टी-ओ-फाइव्हची (30.05) पाटी बिनपरवानावाल्यांसाठी. लाल आकड्यांतली एक्कावन्न टक्क्यांची पाटी म्हणजे दारूचा बार, तिथे कोणालाच नाही. दारू घेणार असशील त्या दिवशी पिस्तूल तिजोरीत राहू दे. देवळात किंवा चर्चमध्ये मनाईची पाटी वा सूचना नसेल तर परवानगी आहे. पण आपल्या देवळात विश्वस्तांना आधी विचार. त्यांनी नको म्हटलं तर वाद घालू नकोस. ती त्यांची जागा आहे, आणि हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचाही हक्क मानावा.

बाळगायचं कुठे, हे तुला कोणी नीट सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पर्समध्ये नको. माझ्या पहिल्या वर्गात बायकांसाठी म्हणून पर्सच दाखवली होती, मीही दोन वर्षं तीच वापरली. मग एकदा बर्थडे पार्टीत पर्स खुर्चीला अडकवून मी पोळ्या वाढायला उठले. परत आले तर मैत्रिणीची तीन वर्षांची मुलगी चॉकलेट शोधायला पर्सची चेन ओढत होती. अर्धी उघडली होती. माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. कोणाला बोलले नाही, घरी येऊन त्याच रात्री पर्स टाकून दिली. 2014 च्या डिसेंबरात आयडाहोत एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून असंच पिस्तूल काढलं आणि ती जागच्या जागी गेली. तिच्याकडे परवाना होता. तेव्हा पिस्तूल अंगालगत, कमरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. अंगावर नसेल तेव्हा कुलपात. लहान मूल हात घालू शकेल अशा जागी भरलेलं पिस्तूल ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे. घरात कोणी खचलेलं असेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर काही दिवस ते घरातच ठेवू नकोस. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. आपल्या बाजूचे लोक हे बोलायचं टाळतात, ते मला पटत नाही.

परीक्षेची धास्ती घेऊ नकोस. पन्नास गोळ्या, त्यांतल्या वीस गोळ्या तीन यार्डांवरून, वीस गोळ्या सात यार्डांवरून आणि उरलेल्या दहा गोळ्या पंधरा यार्डांवरून. अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण मिळाले की पास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात थरथरत होते. आवाजापेक्षा आवाजाची वाट बघणंच वाईट. तर्जनी चापावर ठेवून उभी राहिले, तर शिकवणाऱ्या बाईंनी मागून येऊन माझं बोट अलगद उचललं आणि पिस्तुलाच्या बाजूला सरळ टेकवलं. "नेम धरून झाला की मगच खाली," एवढंच म्हणाल्या. आज स्वयंपाकघरात गॅस लायटर हातात घेतला तरी माझं बोट बाहेरच राहतं. तुझंही तसंच व्हायला हवं. लेखी भाग सोपा आहे, पण बळाचा वापर केव्हा करता येतो आणि केव्हा नाही तो धडा दोनदा वाच. मालमत्तेसाठी कायदा काय मुभा देतो यावर वर्गात पुरुष मंडळी तासभर वाद घालतील. तू एवढंच लक्षात ठेव की लॅपटॉप पुन्हा घेता येतो.

अर्ज डीपीएसच्या साइटवर होतो, ठशांची वेळ तिथूनच मिळते. वर्गाचं प्रमाणपत्र आणि रेंजचं प्रमाणपत्र जोडायचं. कार्ड पोस्टाने येईल, साधारण दोन महिने धर.

येत्या शनिवारी सकाळी आठला मी तुला घ्यायला येते. पोहे खाऊन ये, रिकाम्या पोटी हात जास्त थरथरतो. बंद बूट घाल, चपला नकोत. केस बांध. आणि गळाबंद टीशर्ट घाल, कारण तापलेलं रिकामं काडतूस उडून गळ्यात पडलं की माणूस नाचायला लागतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असताना नाचून चालत नाही. कानांची आणि डोळ्यांची साधनं माझ्याकडे दोन जोड आहेत.

तुझी,
मावशी