महागडी जाळी घ्यायची की ठेव राखायची?

तुम्ही लिहिलंय की जांघेतल्या हर्नियाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे. हर्नियाचं भोक झाकायला बसवतात त्या साध्या पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिकच्या) जाळीचा खर्च विमा देणार. जांघेच्या वळणाप्रमाणे आकार दिलेली जाळी आणि विरघळणारे टॅक (जाळी ठोकून बसवायच्या बारीक पिना) हवे असतील तर वरचे पैसे तुमचे, आणि त्यासाठी तुम्ही मुदत ठेव मोडायला निघाला आहात.

ठेव अजून मोडू नका. मी डॉक्टर नाही, पण कोणत्या वस्तूसाठी किती जास्तीचे पैसे जातात आणि त्या बदल्यात काय मिळतं, हे तपासणं माझं काम आहे.

आधी टॅक. या शस्त्रक्रियेत जाळी पोटाची भिंत आणि आतलं आवरण यांच्या मध्ये बसते. पोटाच्या दाबानेच ती जागेवर राहते, आणि काही आठवड्यांत तिच्यात ऊती वाढतात. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बहुतेक रुग्णांत जाळी ठोकून बसवायची गरज नाही असं सांगतात. अपवाद आहे तो मोठ्या डायरेक्ट हर्नियाचा, म्हणजे जो जांघेच्या कमजोर भिंतीतून थेट बाहेर येतो आणि ज्याचं भोक ३ सेंटिमीटरहून मोठं असतं त्याचा. तिथे जाळी भोकात सरकू शकते, आणि तिथे टॅकवर खर्च केलेला पैसा मला पटतो. मात्र चुकीच्या जागी मारलेला टॅक मज्जातंतूत गेला तर दुखणं महिनोन्महिने टिकू शकतं. गोंदाने जाळी चिकटवली तर सुरुवातीचं दुखणं टॅकपेक्षा कमी असतं. त्याचा दर वेगळा विचारून घ्या.

आकार दिलेली जाळी बसवायला सोपी, हे खरं. पण साध्या जाळीपेक्षा तिच्यामुळे हर्निया कमी वेळा उलटतो, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. हलक्या (विरळ विणीच्या) जाळीचंही तसंच, उलट मोठ्या डायरेक्ट हर्नियात ती वापरली तर हर्निया उलटण्याचा धोका थोडा जास्तच. आणि कुणी आतड्याला न चिकटणारी दुपदरी जाळी सुचवली तर कारण विचाराच. ती लागते जिथे जाळी आतड्याला भिडते तिथे. तुमच्या शस्त्रक्रियेत मध्ये आवरण असतं.

मी पैसे कुठे घालवले असते? सर्जनच्या अनुभवावर. या तंत्रात हात बसायला ५० ते १०० शस्त्रक्रिया लागतात. त्यांनी किती केल्या, हे निःसंकोच विचारा. जाळी किमान १० बाय १५ सेंटिमीटरची असेल ना, हेही. लहान जाळी स्वस्त पडली तरी तोट्याची, कारण हर्निया उलटला तर दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते.

आणि तुमचं काम ओझी उचलण्याचं आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत! माझ्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. पूर्ण ताकदीने कामावर परतेपर्यंत घर त्या ठेवीवरच चालणार. भोक मोठं निघालं तर टॅकपुरते पैसे काढा. पण मोडताना सगळी ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज मिळतं का ते आधी पाहा.