मल्चिंग पेपरच्या तुकड्यांमुळे वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठी कमी होतात का? (सासवड, पुणे)

होऊ शकतात, पण दोष एकट्या या प्लॅस्टिकच्या पेपरचा आहे असं लगेच धरू नका.

टोमॅटोनंतर रानात राहिलेला पेपर उन्हाने कडक होतो, रोटाव्हेटरखाली त्याचा चुरा होतो. ५ मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. त्याने मातीची हवा आणि ओल धरण्याची पद्धत बदलते. काही जिवाणू त्या तुकड्यांवरच वस्ती करतात, त्यामुळे मुळाभोवतीचा जिवाणूंचा मेळही बदलतो. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधणारे जिवाणू. त्यांना मुळापर्यंत पोचायला, गाठ करायला मातीतली हवा, ओल आणि हा मेळ नीट असावा लागतो. प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. प्लॅस्टिकचा प्रकार, कणांचा आकार आणि मात्रा बदलली की परिणामही बदलतो. शिवाय कुंडीतल्या प्रयोगात मात्रा बहुधा शेतातल्यापेक्षा बरीच जास्त असते.

तुमच्या रानाचं उत्तर खुरप्याने मिळेल. फुलोऱ्याच्या सुमारास चार-पाच झाडं मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत भिजवून धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर नत्र बांधायचं काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर थांबलंय. युरिया जास्त पडला तरी गाठी कमी धरतात, तेही तपासा.

पेपर मात्र पीक निघाल्यावर, नांगरटीआधी, अखंड असतानाच गोळा करा. चुरा झाला की वेचणं हाताबाहेर जातं. पातळ पेपर काढताना फाटतो, पुढच्या वेळी जाड घ्या. बांधावर जाळू तर अजिबात नका.