‘एकदाच काय ते ठरव’ म्हणण्याआधी

“मॅडम, मुलगा व्हायचंय की मुलगीच राहायचंय, एकदाच काय ते ठरवू दे. आम्ही तयारीला लागतो.” ट्रान्सजेंडर (जन्मावेळी लिहिलेलं लिंग स्वतःचं न वाटणाऱ्या) किंवा जेंडरक्विअर (फक्त मुलगा किंवा फक्त मुलगी यात न बसणाऱ्या) मुलांचे आईवडील हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप असलेल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

शुभांगी, वय २०, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. घरी सांगून झालं होतं, “मला शुभ म्हणा. मी मुलगी नाही आणि मुलगापण नाही.” आईच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं होती. एक लाखो रुपयांचं ऑपरेशन, दुसरं सौंदत्तीच्या यात्रेत पाहिलेले, यल्लम्मा देवीला वाहिलेले, साडी नेसणारे जोगते. “आमचं पोरगं परडी घेऊन फिरंल का वो?” हे त्यांनी नवरा बाहेर गेल्यावर विचारलं.

जोगत्यांच्या आयुष्यात देवीची सेवा असते, गुरू असतो, मानाची आणि हालाची दोन्ही बाजू असतात. कुणाला त्यातच स्वतःची ओळख सापडते. पण ते कुणावर आपोआप येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत शस्त्रक्रियेसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवणाऱ्या ट्रान्स स्त्रिया (जन्मावेळी मुलगा म्हटलेल्या, पण स्त्री असलेल्या) आहेत, फक्त हार्मोन्स घेऊन समाधानी असलेले ट्रान्स पुरुष (याच्या उलट) आहेत आणि शरीराला हातही लावायचा नाही असं ठामपणे सांगणारेही आहेत. शिवाय आपण कोण आहोत हा एक प्रश्न आणि आपल्याला कोण आवडतं हा दुसरा. घरात बहुतेक वेळा दोन्हींची एकच मोट बांधलेली असते, ती आधी सोडवावी लागते.

वडिलांचा प्रश्न सरळ होता, “गोळ्या देऊन बरं होईल का?” बरं करण्यासारखं यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीची ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली. ‘बदलून देतो’ असं सांगून केलेले उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. असे उपचार सांगणारा कुणी भेटलाच तर तिथून उठून यावं.

मग मी तिघांना एकेक कागद दिला. नाव, कपडे-केस, शरीर, सरकारी कागदपत्रं, नातेवाइकांना सांगणं अशा पाच ओळी. प्रत्येकीपुढे ‘आत्ता हवं’, ‘नको’ किंवा ‘अजून माहीत नाही’ यांपैकी एक लिहायचं. शुभनं स्वतःचं, आईवडिलांनी ‘शुभला काय हवं असेल’ ते. कागद शेजारी ठेवले. ‘शरीर’पुढे आईनं लिहिलं होतं, ‘ऑपरेशन हवं’. शुभचं उत्तर होतं, ‘ऑपरेशन नको’.

आई कागदाकडे बघतच राहिल्या. “मग इतकं दिवस सांगिटलं का न्हाईस?”

“तुम्ही ऑपरेशनचंच विचारत होता. मी नावाचं बोलत होतो.”

आईवडिलांना शेवट काय होणार याची धास्ती होती. शुभला सोमवारी हजेरीत कुठलं नाव पुकारलं जाणार याची. भीती घटनेतून येत नाही, घटनेला आपण लावलेल्या अर्थातून येते, असं मी मानते आणि त्या टेबलावर ते उघड दिसत होतं. अर्थ बदलल्यावर आईचा पुढचा प्रश्न फार साधा निघाला, “केस कुठं कापून घ्यायचं?”

शुभच्या कागदावर ‘शरीर’च्या ओळीत बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, ‘छातीचा त्रास’. छाती सपाट दिसावी म्हणून शुभ दिवसभर क्रेप बँडेज आवळून बांधत असे, झोपतानाही. हे फार मुलं करतात आणि ते धोक्याचं आहे. बँडेज हालचालीबरोबर आवळत जातं, श्वास पुरत नाही, बरगड्या दुखतात, कातडी सोलते. चिकटपट्टी तर नकोच. मापाचा बाइंडर (छाती सपाट दिसण्यासाठी खास शिवलेली घट्ट बनियन) किंवा घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, दिवसात आठ तासांपेक्षा जास्त नाही, झोपताना आणि व्यायाम करताना काढावी. धाप लागली, दुखलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढून डॉक्टरांना दाखवावं.

शुभबद्दल ‘तो’ म्हणायचं की ‘ती’, हा बोलण्याचा प्रश्न आजीनं सोडवला. कोल्हापुरात मुलीसुद्धा ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, त्यामुळे शुभला अडचण नव्हतीच. अडचण इतरांची. आजी पहिल्यापासून “पोरगं जेवलं का?” असंच विचारायची. शुभला तेच आवडलं, आईनं ते उचललं. वडिलांच्या तोंडात अजून शुभांगीच येतं. चुकलं की दुरुस्त करून पुढे बोलायचं, माफीचा मोठा पाढा नको, एवढं ठरलंय.

कागदपत्रांपुढे शुभनं ‘अजून माहीत नाही’ लिहिलं आणि ते तसंच राहू दिलं. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क मान्य केला, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या मूळ व्याख्येत जेंडरक्विअर आणि जोगता हे दोन्ही शब्द होते. ट्रान्सजेंडर ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, पण काढलंच पाहिजे असं नाही. काढायचं ठरलं तर त्या वेळचे नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावेत.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

लग्नाचं काय, हे आई अजून विचारतात. शुभचं उत्तर दर वेळी तेच असतं, “आधी परीक्षा होऊ दे की.”