डार्विनच्या खासगी वह्या आणि तुझी नोंदवही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि त्यासोबतची नोंदवहीची पाने मिळाली. पक्ष्याचे नाव, ठिकाण, वेळ, हवामान हे सारे तू नेटकेपणाने लिहितोस. ही शिस्त कधीही सोडू नकोस. मात्र त्या पानांत तू स्वतःला विचारलेला एकही प्रश्न मला आढळला नाही. अर्धवट विचार कागदावर उतरवावेत की खात्री होईपर्यंत थांबावे, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे: थांबू नये, आणि अशा विचारांसाठी कोणालाही न दाखवण्याची एक वेगळी वही ठेवावी. हे मत चार्ल्स डार्विनच्या वह्या वाचताना पक्के झाले, म्हणून त्यांच्याविषयीच जरा विस्ताराने लिहितो.

पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर पाऊल ठेवताच डार्विनला उत्क्रांतीचा साक्षात्कार झाला, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. वह्या वेगळेच सांगतात. 1835 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जेमतेम पाच आठवडे तो त्या द्वीपसमूहात होता, आणि आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिंच पक्ष्यांचे नमुने गोळा करताना कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे त्याने बहुतांशी नोंदवलेच नाही. पुढे ती माहिती जुळवताना त्याला ज्या बीगल जहाजातून तो प्रवास करत होता त्याचा कप्तान फिट्झरॉय आणि स्वतःचा मदतनीस सिम्स कव्हिंग्टन यांच्या नमुन्यांचा आधार घ्यावा लागला. मॉकिंगबर्डच्या बाबतीत मात्र बेटाबेटांतला फरक त्याच्या तिथेच ध्यानात आला, आणि त्या पक्ष्यांवर त्याने बेटाचे नाव लिहून ठेवले. ती एक ओळीची चिठ्ठी नसती तर पुढचा युक्तिवाद किती लांबला असता, याचा तूच विचार कर. ठिकाणाची नोंद करताना तू कंटाळा करत नाहीस याचे मला म्हणूनच फार कौतुक वाटते.

परतीच्या प्रवासात, 1836 मध्ये, याच पक्ष्यांविषयी टिपण लिहिताना त्याने म्हटले की अशा गोष्टींमुळे प्रजातींच्या स्थिरतेला, म्हणजे प्रजाती कधीच बदलत नाहीत या समजुतीला, तडा जाईल. मूळ हस्तलिखितात हे वाक्य आधी ठामपणे लिहिलेले दिसते. त्यातला शक्यतेचा छोटासा शब्द नंतर मध्ये घुसवलेला आहे. जी गोष्ट आपल्याला दिसू लागली आहे पण मान्य करायची हिंमत अजून झालेली नाही, ती कागदावर कशी उमटते, याचे इतके जवळचे दर्शन मला अन्यत्र कोठेही घडलेले नाही. छापील ग्रंथात अशी जागा सापडत नाही, कारण ग्रंथ लिहीपर्यंत लेखकाचे मन ठरलेले असते.

डार्विन इंग्लंडला परतल्यावर पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड याने 1837 च्या पहिल्या काही महिन्यांत निर्वाळा दिला की ते मॉकिंगबर्ड एकाच पक्ष्याचे प्रकार नसून तीन वेगवेगळ्या प्रजाती आहेत, आणि डार्विनने निरनिराळ्या कुळांतले समजलेले कित्येक लहान पक्षी प्रत्यक्षात फिंचच्याच एका गटातले आहेत. त्या वर्षीच्या जुलैमध्ये डार्विनने एक नवी वही उघडली. तिला आज ‘बी’ वही म्हणतात; आजोबा इरॅस्मस डार्विन यांच्या ‘झूनोमिया’ या ग्रंथाचे नाव तिच्या आरंभी शीर्षक म्हणून लिहिलेले आहे. याच वहीच्या 36 व्या पानावर ते प्रसिद्ध चित्र आहे. वर ‘मला वाटते’ एवढेच शब्द, आणि खाली एका बुंध्यातून फुटलेल्या वेड्यावाकड्या फांद्या. काही फांद्यांच्या टोकाला आडवी रेघ आहे. त्या हयात प्रजाती. काही तशाच संपतात. त्या लोप पावलेल्या. एका वंशाच्या आज इतक्या शाखा जिवंत असतील तर बाकीच्या कित्येक नष्ट झालेल्या असल्याच पाहिजेत, हा हिशेब तो त्या चित्रातून मांडून पाहत होता. त्याच्या काही पाने आधी त्याने असेही लिहिले आहे की जीवनाला वृक्षाऐवजी प्रवाळ म्हणावे, कारण प्रवाळाच्या फांद्यांचा खालचा भाग मेलेला असतो.

आता हे नीट ध्यानात घे. याच वहीत, याच सुमारास, त्याने एक चुकीची कल्पनाही जोपासली होती: साधे आदिजीव सतत नव्याने उत्पन्न होतात आणि त्यांच्या वंशाला ठरावीक आयुष्य असते. पुढे ती त्याने सोडून दिली. पण वंशांच्या जन्ममृत्यूचा तो विचार करत राहिला तो बऱ्याच अंशी या कल्पनेच्या आधाराने. तिला वहीत जागाच मिळाली नसती तर ती तपासली गेली नसती आणि टाकलीही गेली नसती. तू खात्रीची वाट पाहत बसलास तर चुकीच्या कल्पनांबरोबर त्यांच्यातून निघणाऱ्या वाटाही गमावशील.

माल्थस या अर्थतज्ज्ञाचेही तसेच. लोकसंख्येवरचे त्याचे विवेचन वाचून आपल्याला सिद्धांत सापडला, असे डार्विनने म्हातारपणी आत्मचरित्रात लिहिले. 28 सप्टेंबर 1838 ची, याच मालिकेतल्या ‘डी’ वहीतली नोंद आपल्यासमोर आहे: लाखभर पाचरी ठोकाव्यात तसे एक बळ प्रत्येक जुळवून घेतलेल्या रचनेला निसर्गाच्या फटींत घुसवू पाहते, दुबळ्यांना बाहेर रेटून फटी तयारही करते. विलक्षण नोंद आहे ती. तरीही तिथे विजयाची आरोळी नाही, आणि पुढच्या नोंदींत तो इतर विषयांकडे वळलेला दिसतो. नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणारे टिकतात आणि वाढतात या सिद्धांताची, मांडणी आकाराला यायला आणखी काही महिने गेले. आठवण प्रसंगाला गोळीबंद करते. तारखेसह लिहिलेले पान तसे करू देत नाही. म्हणून प्रत्येक विचारावर तारीख घाल, आणि तो कोणाच्या बोलण्यावरून वा वाचनावरून सुचला तेही लिही.

ही वही खासगी का असावी, हेही सांगतो. मन हे मेंदूचे कार्य आहे का, असले प्रश्न ‘एम’ आणि ‘एन’ या वह्यांत त्याने निर्भयपणे विचारले. त्या काळी ते उघडपणे विचारणे जोखमीचे होते. जानेवारी 1844 मध्ये हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला प्रजाती बदलतात असे कळवताना त्याला खुनाची कबुली दिल्यासारखे वाटले. 1859 मध्ये प्रजातींच्या उत्पत्तीवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होईपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ हे विचार कागदावर जगले. ज्या पानावर कोणी आपल्याला हसणार नाही, तिथेच माणूस स्वतःशी इतके सरळ बोलतो.

एक नियम तर त्याच्याकडून जसाच्या तसा उचल. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती तत्काळ लिहून ठेवायची, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी लवकर विसरल्या जातात, असा त्याचा अनुभव होता. सांभाळण्याबाबतही निष्काळजी राहू नकोस. ‘बी’ आणि ‘सी’ या वह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून नाहीशा झाल्याचे 2001 मध्ये लक्षात आले आणि 2022 मध्ये कोणीतरी त्या नाव न सांगता परत आणून ठेवल्या. मधल्या काळात अभ्यासकांचे काम थांबले नाही, कारण त्यांच्या प्रती होत्या. तुझ्या पानांचे फोटो दर आठवड्याला काढून ठेव.

शेवटी एक काम. डार्विनने कुत्रे-कबुतरे पाळणाऱ्यांना आणि माळ्यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले. 1839 मध्ये तर पाळीव जनावरांच्या पैदाशीवर प्रश्नावलीच छापून घेतली. तुझ्या भागातले धनगर आणि रोपवाटिकावाले यांना काय विचारावेसे वाटते, याची एक यादी कर. पुढच्या पत्रात ती मला पाठव, खाडाखोड केलेले प्रश्नही तसेच ठेवून. ती दुसरी, खासगी वही मात्र पाठवू नकोस, ती तुझीच.

कळावे, लोभ असावा.