कोरियन स्किनकेअर ही खरोखर जुनी परंपरा आहे का, त्यातल्या दहा पायऱ्या पाळाव्याच लागतात का, आणि मुंबईच्या हवेत त्यातले काय उपयोगी पडते?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत, आणि त्याला जोडून तुम्ही वय विशीतले, त्वचा तेलकट आणि वास्तव्य मुंबईत अशी माहिती दिली आहे. मी रसायनशास्त्र शिकले असून नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे सोलजवळच्या सुवोन शहरात राहिले आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे पुढचे सारे लिखाण निरोगी त्वचेपुरतेच समजावे. परंपरा खरी आहे, यात मला शंका वाटत नाही. मात्र आज दुकानात जे मिळते ते बहुतांशी गेल्या पाऊणशे वर्षांतल्या उद्योगाने घडवलेले आहे, आणि हे दोन्ही नीट समजून घ्यायचे असेल तर कोरियाच्या हिवाळ्यापासून सुरुवात करावी लागते.

जानेवारीत सोलचे सरासरी तापमान शून्याच्या खाली असते. सैबेरियाकडून येणारा वारा अतिशय कोरडा असतो, आणि घरात ओंदोल म्हणजे जमिनीखालून दिलेली ऊब चालू असल्यामुळे आतली हवाही कोरडीच राहते. अशा हवेत चेहरा ताणतो, गाल फुटतात, ओठांना भेगा पडतात. वसंतात गोबी वाळवंटाकडून पिवळी धूळ येते, आणि उन्हाळा पुन्हा दमट व पावसाळी असतो. त्वचेला पाणी देणे आणि ते उडून जाऊ न देणे हा कोरियन पद्धतीचा गाभा का झाला, हे तिथला एक हिवाळा काढला की कोणी सांगावे लागत नाही. बिंगहोगाक यी या विदुषीने १८०९ मध्ये घरगुती ज्ञानाचा एक मोठा कोश लिहिला, त्याचे नाव ‘ग्युहाप चोंगसो’. स्वयंपाक, मद्ये, शिवणकाम, कापड रंगवणे, शेती, बाळंतपण अशा विषयांच्या जोडीला त्यात हिवाळ्यात फुटणाऱ्या चेहऱ्यासाठी एक कृती आहे: तीन अंडी मद्यात घालावीत, वाफ जाणार नाही अशा बेताने भांडे घट्ट बंद करावे, अठ्ठावीस दिवस तसेच ठेवावे आणि मग ते चेहऱ्याला लावावे, म्हणजे त्वचा फुटत नाही आणि जेडच्या दगडासारखी तुकतुकीत होते. ही कृती कोणी करून पाहावी असे मी सुचवत नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वीच्या गृहिणीपुढची अडचण आणि आजच्या कोरियन क्रीमच्या डबीवरचे आश्वासन यांत फारसा फरक नाही, हे त्यातून दिसते.

जुन्या काळातली सामग्री पाहिली तर मराठी वाचकाला ती बरीच ओळखीची वाटेल. चेहरा धुण्यासाठी मूग, चवळीच्या जातीचे लाल अझुकी दाणे किंवा सोयाबीन यांचे पीठ वापरले जाई. कडधान्यांतील सॅपोनिन या द्रव्यांमुळे त्याला थोडा फेस येतो आणि मळ निघतो. आपल्याकडे डाळीचे पीठ लावून अंघोळ करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तांदळाचे धुवण तोंड धुण्यासाठी राखून ठेवत. घोसाळ्याच्या वेलाचे खोड कापून त्यातून झिरपणारे पाणी आणि काकडीचा रस चेहऱ्याला लावत. आजच्या टोनरचा, म्हणजे तोंड धुतल्यावर लावायच्या पाण्यासारख्या द्रवाचा, पूर्वज म्हणून तिकडे याच पाण्याचा उल्लेख होतो. गुलबक्षीच्या काळ्या बियांतला पांढरा गर दळून त्याची पावडर करत, आणि केसांना कॅमेलियाच्या बियांचे तेल लावत. पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी येणाऱ्या दानो या सणाला स्त्रिया वेखंडाच्या पाण्याने केस धूत, आणि तो विधी आजही उत्सवांत करून दाखवला जातो. आपल्याकडे वेखंड बाळंतिणीच्या खोलीत असते, तिकडे ते सणाच्या घंगाळात होते एवढाच भेद.

स्नानाचा सोस तर त्याहूनही जुना आहे. चीनच्या सोंग दरबाराचा दूत श्यू जिंग ११२३ मध्ये गोर्यो या तेव्हाच्या कोरियन राज्यात गेला होता. तिथले लोक वारंवार आंघोळ करतात आणि चिनी लोकांना मळकट म्हणून हसतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हीच आवड आजच्या सार्वजनिक स्नानगृहांत टिकून आहे. तिथे आधी अंग स्वच्छ धुऊन गरम पाण्याच्या हौदात बराच वेळ बसायचे, कातडी मऊ पडली की हाताला खरखरीत कापडी पिशवी चढवून सारे अंग घासायचे, आणि मळाच्या राखाडी वळकट्या निघाल्या की समाधानाने त्या पाण्याने धुऊन टाकायच्या. स्वतः घासायचे नसेल तर पैसे घेऊन घासून देणारी मावशी असते. ती तुम्हाला ओल्या बाकावर उताणे, मग कुशीवर, मग पालथे वळवते आणि तुमच्या संकोचाची अजिबात दखल घेत नाही. ही घासणी ‘इटली टॉवेल’ या नावाने ओळखली जाते आणि ती १९६० च्या दशकात बुसानमध्ये तयार झाली. मला मौज वाटते ती याची की जी माणसे चेहऱ्याला बोटांच्या टोकांनी, जवळजवळ घाबरत स्पर्श करतात, तीच माणसे पाठ मात्र लाल होईपर्यंत घासून घेतात. इसब किंवा नाजूक त्वचा असणाऱ्यांनी या प्रकाराच्या वाटेस जाऊ नये.

परंपरेचे हे कौतुक करताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जुने ते सारे निर्धोक नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलमधल्या पार्क सुंग-जिक या कापडव्यापाऱ्याने ‘पाकगाबुन’ नावाची चेहऱ्याची पावडर विकायला काढली. कोरियातील पहिले कारखानी प्रसाधन म्हणून तिचे नाव घेतात. ती अंगाला छान चिकटून बसे, कारण तिच्यात शिसे होते. त्वचा बिघडल्याच्या आणि विषबाधेच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १९३० च्या दशकात ती बंद पडली. याच दशकात केसोंग या गावी युन दोक-जोंग नावाची स्त्री घरी कॅमेलियाचे तेल गाळून विकत होती. तिच्या मुलाने १९४५ मध्ये काढलेली कंपनी म्हणजे आजची आमोरेपॅसिफिक. केसोंग हे जिनसेंग या औषधी मुळीचे गाव, आणि या कंपनीने १९६६ मध्ये जिनसेंगचे क्रीम बाजारात आणले. त्याच्या दोन वर्षे आधीपासून तिच्या विक्रेत्या स्त्रिया घरोघर जाऊन माल विकू लागल्या होत्या. रोज तीनचार गोष्टी ठरावीक क्रमाने लावण्याची सवय मध्यमवर्गीय घरांत रुजली त्यामागे या दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

खरे वळण २००० च्या आसपास आले. त्या वर्षी दक्षिण कोरियात स्वतंत्र प्रसाधन कायदा अमलात आला आणि त्यात ‘कार्यक्षम प्रसाधने’ असा वेगळा वर्ग करण्यात आला. डाग उजळणे, सुरकुत्या कमी करणे किंवा उन्हापासून संरक्षण यांपैकी काही दावा करायचा असेल तर तो सरकारी यंत्रणेपुढे सिद्ध करावा लागतो, किंवा अधिसूचित घटक ठरलेल्या प्रमाणात वापरावा लागतो. उदाहरणार्थ, डागांसाठी नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) २ ते ५ टक्के आणि सुरकुत्यांसाठी अॅडेनोसिन ०.०४ टक्के. २००८ पासून सर्व घटक वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले, आणि सामान्य गिऱ्हाईक घटकांची यादी वाचू लागले. त्याआधीच, या शतकाच्या सुरुवातीला, मिशा या कंपनीने ३,३०० वॉनमध्ये प्रसाधने विकून किमतीची सारी गणिते मोडली. दुसरीकडे कोलमार कोरिया (१९९०) आणि कॉसमॅक्स (१९९२) यांसारख्या कंपन्या इतरांसाठी माल बनवून देतात, त्यामुळे एखाद्या लहान व्यवसायालाही स्वतःचा कारखाना न उभारता उत्तम दर्जाचे क्रीम बाजारात आणता येते. वेगवेगळ्या नावांच्या अनेक बाटल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. नावासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

आता दहा पायऱ्यांविषयी. तेलाचा क्लिन्झर, पाण्याचा क्लिन्झर, एक्सफोलिएटर (मृत कातडी काढणारा), टोनर, एसेन्स (पातळ द्रव), सीरम (त्याहून तीव्र द्रव), शीट मास्क (द्रवात भिजवलेला, चेहऱ्यावर पसरायचा कागदी मुखवटा), डोळ्यांभोवतीचे क्रीम, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन अशी ती यादी सांगतात. हा आकडा जगभर पसरला तो मुख्यतः अमेरिकेत कोरियन प्रसाधने विकणाऱ्यांमुळे. त्यांत शार्लट चो या कोरियन-अमेरिकन उद्योजिकेचे आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या सोको ग्लॅम या तिच्या दुकानाचे नाव प्रथम येते. खुद्द कोरियात माझ्या ओळखीच्या स्त्रिया रोज चार, फार तर पाच गोष्टी लावत, आणि शीट मास्क आठवण होईल तेव्हा. एकाच टोनरचे सात पातळ थर देण्याची टूम तिथे आली तशीच अनावश्यक पायऱ्या गाळण्याची ‘स्किप-केअर’ ही टूमही आली. क्रम मात्र सगळ्या पाळतात: पातळ आधी, घट्ट नंतर. त्यामागे साधे कारण आहे. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक आम्ल अशी द्रव्ये पाणी धरून ठेवतात, परंतु कोरड्या हवेत वरून स्निग्ध थर नसेल तर ते पाणी उडून जाते. आधी घट्ट क्रीम लावले तर त्यावर ओतलेले पातळ द्रव्य आत नीट पोहोचत नाही.

माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दोनदा चेहरा धुणे, आणि तीही फक्त रात्री. सनस्क्रीन, मेकअप आणि त्वचेचे स्वतःचे तेल हे स्निग्ध पदार्थ पाण्याने सुटत नाहीत, ते तेलात विरघळतात. म्हणून कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर आधी क्लिन्झिंग ऑइल फिरवायचे, थोडे पाणी घेऊन ते दुधासारखे पांढरे होऊ द्यायचे, धुऊन टाकायचे आणि मग सौम्य फेसवॉश वापरायचा. या तेलात पायसीकारक, म्हणजे तेल आणि पाणी एकमेकांत मिसळवणारे, द्रव्य असते, म्हणूनच ते पाण्याने निघून जाते. घरचे खोबरेल त्याऐवजी चालणार नाही, आणि तेलकट, मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर तर ते त्रासच देईल. त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. चेहरा धुतल्यावर ‘करकरीत’ वाटणे हे स्वच्छतेचे लक्षण मानण्याची आपली सवय सोडावी लागते.

घटकांपैकी ज्याला बाजारात सेंटेला किंवा ‘सिका’ म्हणतात ती आपली मंडूकपर्णी, कोकणातला कारिवणा. जखमेवरच्या मलमांत तिचा अर्क कोरियात कित्येक दशके वापरला जात आहे, आणि चुरचुरणाऱ्या, लालसर त्वचेला ती बरी पडते. गोगलगायीच्या स्रावाचा जुन्या कोरियन परंपरेशी काही संबंध नाही. तो चिलीतल्या गोगलगायी पाळणाऱ्यांच्या अनुभवातून प्रसाधनांत आला असे सांगतात. ओलावा तो चांगला धरतो, त्यापलीकडच्या चमत्कारांवर मी पैसे लावणार नाही.

गोरेपणाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहिते. पांढऱ्या जेडसारख्या त्वचेचे आकर्षण कोरियात जुने आहे, आणि जो शेतात राबत नाही त्याचा रंग उजळ, हा वर्गभेद त्यामागे होता. आपल्याला हे नवे नाही. वेष्टनावर ‘ब्राइटनिंग’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ डाग थोडे फिके होणे एवढाच घ्यावा. सावळ्या त्वचेवर मुरूम गेल्यानंतर काळा डाग मागे राहतो, आणि त्यासाठी नायसिनामाइड उपयोगी आहे. मूळ रंग त्याने बदलत नाही, आणि बदलावा अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये.

तुमच्यासाठी, म्हणजे मुंबईची दमट हवा आणि तेलकट त्वचा यांसाठी, मी रात्री दुहेरी सफाई, नायसिनामाइडचे एक सीरम आणि जेलसारखे हलके मॉइश्चरायझर एवढेच सुचवेन. एसेन्स, अँप्यूल (अधिक तीव्र सीरम) आणि घट्ट क्रीम हे सोलच्या जानेवारीचे उत्तर आहे, जूनमधल्या दादरला त्याचा प्रश्नच पडत नाही. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात कोणी राहत असेल तर त्याने थर वाढवावेत. सकाळी नुसत्या पाण्याने किंवा फेसवॉशने तोंड धुऊन सनस्क्रीन लावावे. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर काढलेल्या दोन लांब रेघांइतके घ्यावे, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. कोरियन सनस्क्रीन पातळ, पांढरा थर न ठेवणारे असते म्हणून रोज लावायला जड जात नाही, हा त्याचा मोठा गुण. तरी वेष्टनावरचा उन्हापासून संरक्षणाचा आकडा (एसपीएफ) वेदवाक्य मानू नये: २०२० च्या अखेरीस एका लोकप्रिय कोरियन सनस्क्रीनचा ५० पेक्षा जास्त सांगितलेला एसपीएफ स्वतंत्र चाचणीत १९ च्या आसपास भरला आणि ते बाजारातून काढून घ्यावे लागले.

नवी वस्तू एका वेळी एकच सुरू करावी, आधी कानामागे किंवा जबड्याखाली काही दिवस लावून पाहावी, आणि मगच दुसरी आणावी. नाहीतर पुरळ कशाने आले ते कळत नाही. विकत घेताना भारतात अधिकृतपणे आयात झालेल्या मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो पाहून घ्यावा, कारण लोकप्रिय कोरियन बाटल्यांच्या नकला मुबलक आहेत. मुरुमे दुखरी, गाठीसारखी असतील किंवा खड्डे पडत असतील तर यातले काहीही विकत न घेता आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, आणि औषधांच्या दुकानातून कोणी सुचवलेले स्टिरॉइडचे मलम चेहऱ्याला मुळीच लावू नये.