मोठीचे बूट

सातारा
जूनचा पहिला आठवडा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलत होतीस आणि मागून धाकटीचा आवाज येत होता. आधी रडणं, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग तुझं "बाई, करते मी नंतर." तो नंतरचा फोन आला नाही. येणार नाही हे मलाही ठाऊक होतं, म्हणून लिहून पाठवतेय. दोघी झोपल्या की वाच.

तू विचारलंस, दोघींना सारखं कसं वागवायचं. एकाच आईच्या पोटच्या, एकाच घरात वाढणाऱ्या, आणि एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. मोठी पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत पाऊण तास बसते, चकार शब्द काढत नाही. धाकटी जिन्यातूनच चपला भिरकावत वर येते. आणि सासूबाईंचं चालूच, "मोठी अगदी गाय आहे, ही कुणावर गेलीय कोण जाणे."

सारखं वागवू नकोस. मी ते करून बसलेय. आमच्या ह्यांना वाटायचं, आमच्या दोघी मुलींना अगदी एकसारखं आणलं की भांडणाचं मूळच जाईल. एका दिवाळीत मोती चौकातून एकाच ताग्यातलं कापड आणून दोन फ्रॉक शिवून घेतले, तीच झालर, तीच बटणं. मोठीला झालर मानेला टोचायची, पण ती घालून दिवसभर मान वाकडी करून वावरली. धाकटीला खिसे हवे होते, तिनं फ्रॉक घातलाच नाही. ह्यांनी मात्र दोघींना सारखंच आणलं होतं!

हे तुझ्या हातून काही चुकल्यामुळे होतंय, असं मनात आणू नकोस. न्यूयॉर्कमधले अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस, दोघंही मनोविकारतज्ज्ञ, नवराबायको. त्यांनी १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि १३३ मुलांच्या नोंदी तान्हेपणापासून ती मोठी होईपर्यंत ठेवल्या. पाळण्यातल्या पोरांतही स्वभाव दिसतोच, असं त्यांना आढळलं. शंभरात चाळीस मुलं सोपी, दहा अवघड, पंधरा हळूहळू रुळणारी. उरलेली पस्तीस कुठल्याच खान्यात नीट बसेनात, आणि मला तेच सगळ्यात खरं वाटतं. त्यांचं खरं म्हणणं पुढेच आहे. मूल सोपं की अवघड, यावर फार काही ठरत नाही. घर त्याच्याकडून जे मागतं ते त्याच्या स्वभावाला झेपतं का, यावर बरंच ठरतं. म्हणजे तुझ्या धाकटीला मळ्यातल्या मोठ्या घरात कुणी अवघड म्हटलंही नसतं. ती दोन खोल्यांत आणि पावणेआठच्या व्हॅनच्या वेळेत अवघड होते.

आता तुझ्या सकाळचं बघू. धाकटी मोजे घालताना रोज रडते म्हणालीस. मोजा उलटा करून घालून बघितलास का? मोज्याच्या टोकाला बोटांवर शिवण येते. काही मुलांना ती खरंच खुपते, आपल्याला बुटात खडा खुपावा तशी. माझ्या वर्गात अशी एक होती, तिची आई वर्षभर उलटे मोजे घालून पाठवायची. बाकीची पोरं आठवडाभर हसली, मग विसरली. आणि बागेतून निघताना "पाच मिनिटांत जायचंय" असं म्हणू नकोस. साडेचार वर्षांच्या पोरीला पाच मिनिटं म्हणजे काय कळणार? "अजून तीन घसरगुंड्या, मग घरी," असं म्हण. तीन तिला मोजता येतात. तिसरीनंतरही ती रडेलच, पण फसवलं म्हणून रडणार नाही. रडू दे, हात धर आणि चालू लाग. तिथं उभं राहून समजूत काढत बसलीस तर चौथी घसरगुंडी तुलाच द्यावी लागेल.

धाकटीचं एवढंच. तिची मला फार काळजी नाही. तिला काय हवं ते सगळ्या गल्लीला कळतं.

मला लिहायचंय ते मोठीबद्दल.

माझी मोठी चौथीत असतानाची गोष्ट. साताऱ्याचा पाऊस तुला सांगायला नको. एकदा झड लागली की दोऱ्यांवरचे कपडे चार-चार दिवस ओले, घरभर दमट वास. शाळेचे काळे बूट रोज भिजून यायचे. रात्री मी त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीच्या बाजूला ठेवायची, सकाळी बोळे काढले की बूट निम्मेअर्धे कोरडे. बूट आदल्या वर्षीचे होते, पण वरून चांगले दिसत होते. जूनमध्ये तिला विचारलं होतं, "बसतात ना?" ती "बसतात" म्हणाली. धाकटीनं तेव्हा बालवाडीत जायला रान उठवलं होतं. माझा सगळा जीव तिथं.

गणपती दोन दिवसांवर आले होते. मोठीला न्हाऊ घालताना पायाकडे लक्ष गेलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी, टाचेला वाळलेलं रक्त. अडीच महिने पोरगी बोटं आत मुडपून चालत होती. रोज रात्री माझा हात त्या बुटात जात होता, बोळे मीच कोंबत होते, आणि बूट केवढासा आहे हे मला दिसलं नव्हतं.

"अगं, सांगितलं का नाहीस?" म्हटलं. ती साबणाचं पाणी डोळ्यांतून पुसत म्हणाली, "तूच मामीला सांगितलंस ना, ताई शहाणी आहे, कधी काही मागत नाही."

पोरी, मी ते कौतुकानं बोलले होते. तिनं ते कामासारखं अंगावर घेतलं.

नावाचं वजन केवढं असतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. नीट कळलं ते पुढे, बदलीच्या गावात. हजेरीपटावर एक नकुशी होती. तीन बहिणींवर चौथी झाली म्हणून नकुशी. आपल्या जिल्ह्यात अशा किती होत्या ठाऊक आहे? २०११ साली जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन नावं बदलली, तेव्हा २८५ मुली होत्या. सावित्रीबाईंचं नायगाव ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात. माझ्या वर्गातल्या पोरीनं स्वतःसाठी छान नाव निवडलं. पण हजेरीला मी ते नाव पुकारलं की ती गप्प. शेजारची कोपर मारायची, मग दचकून "हजर". दिवाळीपर्यंत असंच चाललं.

तुझ्या घरात नकुशी कुणी नाही, मला माहीत आहे. "दुसरीही मुलगीच का?" असं विचारणाऱ्या आत्याबाईंना तू कसं गप्प केलंस तेही कानावर आलंय, शाबास. पण "गाय" आणि "कुणावर गेलीय कोण जाणे" ही नावंच आहेत. दोघी ऐकतात. धाकटी त्या नावाला शोभेल असं वागत राहील, आणि मोठी बूट चावत असले तरी "बसतात" म्हणेल. सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्या वयाला वादानं काही बदलत नाही. त्या मोठीला गाय म्हणाल्या की तू सहज म्हण, "आज तिनं शेंगदाण्यांवरून माझ्याशी हुज्जत घातली, बरं वाटलं." तिच्यासमोर म्हण.

भांडणांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रक्त नसेल तर स्वयंपाकघरातच राहा. आणि "तू मोठी ना, दे तिला" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. मी ते हजारदा काढलंय. अजूनही फोनवर निघतं, आणि आता पस्तिशी ओलांडलेली माझी मोठी पलीकडून हसते.

एक मात्र कर. मोठीला अधूनमधून एकटीला घेऊन बाहेर पड. कामाला नव्हे, क्लासला नव्हे. माझ्या दोघींना आम्ही कासला न्यायचो, पठार जागतिक वारशात गेलं त्या २०१२ च्या कितीतरी आधी, तिथं कुंपण नव्हतं तेव्हा. धाकटी पठारभर उधळायची, गुडघे फोडून यायची, आणि आमचे डोळे तिच्यामागे. मोठी एका जागी उकिडवी बसून सीतेची आसवं बघायची. जांभळी, नखाएवढी फुलं. मी हाक मारायची, "चल लवकर, काय बघतेस एवढं?" ती उठून यायची. पुढे एकदा फक्त आम्ही दोघीच गेलो, तेव्हा मी तिच्याशेजारी बसले. ती अर्धा तास बोलत होती. हे रोप बारीक किडे पकडून खातं, मुळाशी त्याच्या इवल्या पिशव्या असतात, तिनं शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं. माझी मुकी पोरगी! मुकी कुठली, तिला बोलायला जागाच मिळत नव्हती.

तर येत्या रविवारी सकाळी धाकटीला माझ्याकडे आणून सोड. आमचा जिना मोठा आहे, चपला भिरकावायला भरपूर वाव आहे. तिला पेढा आवडत नाही हे माझ्या लक्षात आहे, चिवडा करून ठेवते. तू आणि मोठी टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चढून जा. ती वाटेत थांबली तर तूही थांब, "काय बघतेस" विचारू नकोस.

उतरल्यावर तिचे शाळेचे बूट घ्या. सकाळच्यापेक्षा चालून आल्यावर पाय जरा फुगलेला असतो, माप खरं मिळतं. बूट बसून घालू देऊ नकोस, उभं कर, दुकानात चार फेऱ्या मारायला लाव. ती "बसतात" म्हणेल. तरी वाकून अंगठ्यापुढे दाबून बघ.

तुझी,
बाई