फेब्रुवारीपासून फोन उशाशी घेऊन झोपणाऱ्यांसाठी

दरवर्षी फेब्रुवारी लागला की माझा इनबॉक्स भरायला लागतो आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच, अमेरिकेत पॉलिटिकल सायन्सच्या पीएचडीला अप्लाय केलंय, अजून काही कळलं नाही, काय समजायचं? मी स्वतः यातून दोनदा गेलेय (पहिल्या वर्षी आठच्या आठ ठिकाणी नकार), आणि नंतर तिकडे शिकताना एक वर्ष आमच्या डिपार्टमेंटच्या ॲडमिशन कमिटीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसले, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्या बघितल्यात. यावेळचे प्रश्न घेतेय, प्रत्येकाखाली माझं उत्तर आहे, नावं काढलीत आणि मजकूर जरा छाटलाय.

ताई, पुण्यातून एमए केलंय, कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्ससाठी नऊ ठिकाणी फॉर्म भरलेत. त्यातल्या एका ठिकाणी मैत्रिणीच्या ओळखीतल्या एकाला १२ फेब्रुवारीलाच ऑफर आली. मला ना हो ना नाही, पोर्टलवर अजून 'अंडर रिव्ह्यू' दिसतंय. म्हणजे माझं गेलंच ना?

त्याचं सबफील्ड, म्हणजे थिअरी, कम्पॅरेटिव्ह अशी पॉलिटिकल सायन्समधली शाखा, काय होतं ते आधी विचार. तो पॉलिटिकल थिअरीवाला असेल तर त्याच्या ऑफरचा तुझ्याशी काही संबंध नाही, कारण बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये याद्या सबफील्डवार बनतात आणि थिअरीची यादी आज गेली, कम्पॅरेटिव्हची पुढच्या आठवड्यात, असं सर्रास होतं. तोही कम्पॅरेटिव्हचाच असेल तर मात्र खरं सांगते, पहिल्या फेरीत तुझं नाव नसण्याची शक्यता जास्त. पण पहिल्या फेरीत नाही म्हणजे नाहीच, असंही नसतं.

आत काय चालतं ते सांगते. चार-पाच प्राध्यापकांची कमिटी, शेकड्याने अर्ज, आणि जागा कुठे आठ, कुठे पंधरा. पहिल्या चाळणीत मार्कशीट, शिफारसपत्रं, एसओपी (काय आणि का शिकायचंय ते सांगणारा निबंध) बघून बरेच अर्ज बाजूला पडतात. उरलेल्यांचे रायटिंग सॅम्पल, म्हणजे अर्जाला जोडलेले स्वतःचे लेख, खरंच वाचले जातात, आणि मग सुरू होतं भांडण, कारण आता समोर असतात ते सगळेच चांगले. तिथे प्रश्न मुलगी हुशार आहे का हा नसतोच, ती इथे येऊन कुणाबरोबर काम करणार हा असतो. आमच्या वर्षी एका फाइलवर सगळे खूश होते, मीपण, पण ज्या सरांचा विषय होता ते पुढच्या वर्षी दुसरीकडे चालले होते. संपलं. त्या मुलाला हे कधीच कळलं नसेल, तो बिचारा एसओपीतल्या कुठल्यातरी वाक्याला दोष देत बसला असेल.

यादी ठरली की ती ग्रॅज्युएट स्कूलकडे (विद्यापीठाचं एमए-पीएचडीचं मुख्य ऑफिस) मंजुरीला जाते, पैशांचा मेळ बसतो, मग मेल सुटतात. ऑफर जागांपेक्षा जास्तच देतात कारण बरेच जण दुसरीकडे जाणार हे धरलेलं असतं. मधली काही नावं वेटलिस्टवर, आणि गंमत म्हणजे प्रत्येक ठिकाणी ते त्या मुलांना सांगतातच असं नाही. नकार सगळ्यात शेवटी, ऑफिसातल्या कुणाला तरी वेळ झाला की, एकगठ्ठा. त्यामुळे तुझी शांतता वेटलिस्टची असू शकते, नकाराची असू शकते किंवा नुसत्या ऑफिसच्या आळसाचीपण. आणि 'अंडर रिव्ह्यू' रोज बघू नकोस गं, अर्ज पूर्ण भरला की ते तसं दिसतं आणि निकाल चढवेपर्यंत तसंच राहतं, कुणीतरी आत्ता तुझी फाइल उघडून बसलंय असा त्याचा अर्थ नाही.

अजून एक, जागाच कमी झाल्यात. बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की पॉलिटिकल सायन्स धरून डझनभर विषयांच्या पीएचडीला पुढच्या वर्षी प्रवेशच नाहीत, आणि २०२५ मध्ये सरकारी निधीला कात्री लागल्यावर बऱ्याच विद्यापीठांनी हात आखडता घेतला. चार वर्षांपूर्वी सिनियरला जिथे सहज मिळालं तिथे तुला नाही मिळालं तर ती तुलनाच चूक आहे.

मॅम, मेल साधारण किती वाजता येतात? मी रात्री तीन-तीनदा उठून बघतो.

अरे बाबा झोप. हिशोब सोपा आहे. न्यूयॉर्क-बॉस्टनकडचं ऑफिस सकाळी ९ ला उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात असतात, ५ ला बंद होतं तेव्हा पहाटेचे साडेतीन. कॅलिफोर्नियाचं आपल्या रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, मग हे सगळं आपल्याकडे तासभर अलीकडे. म्हणजे शनिवारी उजाडल्यापासून सोमवारी संध्याकाळपर्यंत काही येण्याची शक्यता जवळपास नाही, ते दोन दिवस तरी माणसासारखे जग. बाकीचे दिवस सकाळी उठल्यावर एकदा बघायचं, स्पॅम फोल्डरसकट. रात्री तीनला आलेली ऑफर सकाळी सातला पण ऑफरच असते.

नमस्कार मॅडम. मी सांगली जिल्ह्यातून लिहितोय. मुलगी एमएला पहिली आली, नेट परीक्षापण पास झाली आहे. आता अमेरिकेच्या उत्तराची वाट बघत सहा महिने घरी आहे. बँकेची परीक्षा दे म्हटलं की रडते. नातेवाईक विचारतात. तिला मिळालं तर पाच वर्षांचा खर्च किती येईल? अर्धा एकर काढायची तयारी आहे.

दादा, जमीन विकू नका, सगळ्यात आधी हे. एमएस करायला जाणाऱ्या इंजिनिअर मुलांचं कर्ज तुम्ही गावात बघितलं असेल, हे प्रकरण तसं नाही. अमेरिकेतल्या चांगल्या पॉलिटिकल सायन्स पीएचडीत फी माफ असते आणि वर दरमहा स्टायपेंड मिळतो, त्याबदल्यात ती तिथल्या बीएच्या मुलांना शिकवायला मदत करते किंवा प्राध्यापकांच्या संशोधनात काम करते. साधारण पाच वर्षांची हमी ऑफर लेटरमध्ये लिहिलेली असते, ते लेटर आलं की तिच्याबरोबर बसून ओळ न् ओळ वाचा. फंडिंगशिवाय पीएचडीची ऑफर आली तर ती नाही म्हणायची, विद्यापीठ कितीही मोठं असो. तुमच्या खिशातून जाईल ते व्हिसाचं, ३५० डॉलर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी, तिकीट, आणि पहिला स्टायपेंड हातात पडेपर्यंतचं घरभाडं-डिपॉझिट. पहिला पैसा कधीकधी सप्टेंबर संपताना मिळतो, तेवढी सोय हाताशी ठेवा.

बँकेच्या परीक्षेबद्दल मी तिच्या बाजूने आहे, पण नुसतं घरी बसण्याच्या बाजूने नाही. तिची नेट नेमकी कुठली आहे ते विचारा. जेआरएफ (नेटमधल्या वरच्या मार्कांवर मिळणारी संशोधनाची फेलोशिप) असेल तर भारतातच पीएचडीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते, ती नोकरीइतकीच मोलाची गोष्ट आहे आणि नातेवाइकांना सांगायलाही सोपी. जेआरएफ नसेल, नुसती नेट असेल, तर २०२४ पासूनच्या नियमाने त्या मार्कांवर पीएचडी प्रवेश मिळायला एकच वर्ष असतं. अमेरिकेच्या नादात ते वर्ष वाया जाऊ देऊ नका, जेएनयू, हैदराबाद, आपलं पुणे विद्यापीठ, जिथे जाहिरात निघेल तिथे फॉर्म भरायला लावा. आणि रडते म्हणून रागावू नका हो, मी तर दारामागे उभी राहून रडायचे आणि आईला सर्दी झालीय सांगायचे.

दोन प्रश्न एकत्र विचारते. एका ठिकाणी फंडेड ऑफर आलीये पण ते म्हणतात २० मार्चपर्यंत कळवा. दुसरं माझं स्वप्नातलं डिपार्टमेंट, तिथे वेटलिस्टवर आहे. काय करू?

२० मार्चवाल्यांना अगदी नम्रपणे १५ एप्रिलची आठवण करून दे. अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या कौन्सिलचा एक ठराव आहे, त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक मदतीसकट दिलेल्या ऑफरला विद्यार्थ्याने १५ एप्रिलच्या आधी उत्तर दिलंच पाहिजे अशी सक्ती करायची नसते. यादीत ते विद्यापीठ आहे का ते कौन्सिलच्या साइटवर बघ, असेल तर "मला मनापासून आनंद झालाय, १५ एप्रिलपर्यंत वेळ मिळेल का" एवढं लिहिलं की पुरतं. बऱ्याचदा कुणीतरी जुना मेल कॉपी-पेस्ट केलेला असतो, बाकी काही नसतं. (पैसे भरून करायच्या एमएला हा ठराव लागू नाही, तिथे ते सांगतील ती तारीख.)

वेटलिस्टचं बघायचं तर तिथल्या डायरेक्टर ऑफ ग्रॅज्युएट स्टडीजना (पीएचडीचं काम बघणारे प्राध्यापक) एक मेल. चार-पाच ओळी. ऑफर मिळाली तर नक्की येईन, हे खरं असेल तरच लिही, कारण हे जग फार छोटं आहे आणि तेच लोक पुढे दहा वर्षं कॉन्फरन्समध्ये भेटत राहतात. डिसेंबरनंतर काही नवीन झालं असेल, पेपर स्वीकारला गेला, शेवटच्या सेमिस्टरचे मार्क आले, तर तेवढं जोड. दर आठवड्याला विचारू नकोस, फोन तर नकोच. वेटलिस्ट हलते ती मार्चमधल्या व्हिजिट डेजनंतर (ऑफर मिळालेल्यांना डिपार्टमेंट बघायला बोलावतात ते दिवस), आणि खरी हलते शेवटच्या तीन दिवसांत, लोक एकदम नाही म्हणायला लागतात तेव्हा. मला दुसऱ्या वर्षी १४ एप्रिलला रात्री मेल आला आणि चोवीस तासांत सांगा म्हणाले, मी तेव्हा मावशीच्या घरी लग्नाच्या गडबडीत होते, मंडपामागे उभं राहून हो लिहिलं.

म्हणूनच एक विनंती, तुझ्याकडे अजून एखादी ऑफर असेल जिथे तू जाणारच नाहीयेस, तर ती आज सोड. तिकडे कुणीतरी तुझ्यासारखीच जागी आहे.

पीएचडीला नाही घेतलं, पण "आमच्या एमए प्रोग्रामसाठी तुमचा विचार केला आहे" असं आलं. हा मान आहे का कन्सोलेशन?

दोन्ही नाही, बऱ्याचदा धंदा आहे. थोडं कडू बोलतेय. शिकागो युनिव्हर्सिटीचा एक वर्षाचा सामाजिक शास्त्रांचा एमए यातला सगळ्यात माहितीतला, पीएचडीचे अर्ज तिकडे वळवले जातात, आणि तिथून पुढे चांगल्या पीएचडीला गेलेली माणसं मला माहीत आहेत, शिकवणंही उत्तम. पण पैसे तुमचे. आणि एक वर्षाच्या कोर्सची मेख अशी की सप्टेंबरात पोचता आणि डिसेंबरात पुढचे अर्ज भरायचे, म्हणजे ज्या प्रोफेसरची चिठ्ठी हवी ते तुम्हाला जेमतेम दहा आठवडे ओळखत असतात. कर्ज न काढता होत असेल आणि एक वर्ष थांबून नीट अप्लाय करणार असाल तर विचार करा. एमए इथे झालेलं असेल तर मी तरी नाही म्हणेन.

जय भीम ताई. मी लातूरचा, दलित पक्षांच्या राजकारणावर काम करायचंय. अमेरिकेत दोन आणि इंग्लंडमध्ये दोन ठिकाणी अर्ज केलेत. इंग्लंडमधून ॲडमिशन आलं पण पैसे नाहीत. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप मिळेल का?

जय भीम. ॲडमिशनचं अभिनंदन आधी. तिकडे हीच पंचाईत असते, प्रवेश एका खिडकीवर आणि पैसे दुसऱ्या, प्रवेश मार्चमध्ये आणि स्कॉलरशिपचं कळायला मे-जून उजाडतो. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या स्कॉलरशिप, फेलिक्स (तिथल्या काही विद्यापीठांत मिळणारी), या सगळ्यांचं काय झालं ते डिपार्टमेंटला आजच लिहून विचार आणि गरज पडली तर प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का तेही.

आता नॅशनल ओव्हरसीज. २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने नियम बदलून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय या स्कॉलरशिपमधून वगळले. तुझा विषय सरळ त्यात सापडतो. या वर्षीची मार्गदर्शक सूचना डाउनलोड करून ते कलम आधी शोध, मगच अर्जावर वेळ घाल. बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले आणि १९१६ च्या मे महिन्यात तिथल्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला. २०२२ चा नियम तेव्हा असता तर त्या विषयाला पैसे मिळाले नसते, आणि हे दलितांसाठीच्या स्कॉलरशिपबद्दल बोलतोय आपण. असो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे, समाजकल्याणकडून तिची जाहिरात निघते, रँकिंगची अट नीट वाच, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेव कारण तहसीलमध्ये काय होतं ते तुला मी सांगायला नको. आणि अमेरिकेतली दोन उत्तरं यायचीत ना, ती फंडेड आली तर यातल्या कशाचीच गरज नाही, तिथे तुझा विषय ही तुझी जमेची बाजू आहे.

नऊपैकी आठ नकार. एक बाकी. पुढच्या वर्षी परत करू का?

काय बदलणार ते एका वाक्यात सांगता येत असेल तर कर. मी पहिल्या वर्षी एमएचा टर्म पेपर रायटिंग सॅम्पल म्हणून लावला होता, सगळा वाचनाचा सारांश, माझं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या वर्षी साखर कारखान्यांच्या निवडणुकांवर दोन तालुके फिरून लिहिलं, इंग्रजी अजून वाईट होतं पण प्रश्न माझा होता. तेच सर, तीच मार्कशीट. शिफारसपत्रवाल्यांना मात्र आत्ताच सांगून ठेव, डिसेंबरात नको.

ते उरलेलं एक, १५ एप्रिलनंतर धरूच नकोस. मला एका ठिकाणचा नकार जुलैत आला होता, मी तेव्हा बॅगेचं वजन तेवीस किलोच्या आत बसवायला पोह्याचं पाकीट काढू की गोडा मसाला या विचारात होते.